विहाराची शिष्यवृत्ती

अकोला स्टेशनवर वानखेडेकाकांनी माईक नसतानाही भाषण ठोकलं होतं, आठवतं ना तुम्हाला सगळ्यांना? गाडी सुटायला आलेली, आई माझ्या बॅगेत चटणीची आणखी एक बरणी कोंबतेय, आणि आपल्या विहार समितीचे अध्यक्ष हात उंचावून सांगतायत, "ही आपल्या विहाराची पहिली परदेशी शिष्यवृत्ती!" सगळ्यांनी वर्गणी काढून भरलेलं पाकीट माझ्या हातात आलं, वस्तीने टाळ्यांचा कडकडाट केला आणि "जय भीम"च्या गजरात गाडी हलली. मी रडायचंच विसरले, इतका आनंद झाला होता.

इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आल्या आल्या त्या पाकिटातून सेकंडहँड सायकल घेतली. निळी. अकोल्यात कोपऱ्यावर जायला मला ऑटो लागायचा. इथे समोरून वारा, त्यात भुरभुर पाऊस, आणि मी लेक्चरला निघालेय सुसाट! काय मजा येते म्हणून सांगू.

मग युनिव्हर्सिटीच्या स्कॉलरशिप ऑफिसचा मेल आला. माझी फी, भाडं, खाणं सगळं त्यांच्याच स्कॉलरशिपवर चालतं. बाहेरून आणखी कुठली मिळाली असेल तर कळवा, आमची रक्कम कमी होऊ शकते, असं त्यात होतं. माझी रूममेट ऋचा पुण्याची. म्हणाली, "वेडी आहेस का? पाकिटाची कसली स्कॉलरशिप! गप्प बस." पण काका तर अख्ख्या स्टेशनसमोर शिष्यवृत्तीच म्हणाले होते. आईला फोन लावला. "विचारलं त सांगून टाकाचं, लपवाचं काऊन व?" झालं! मी कळवलं. ऑफिसने पैसे देणाऱ्यांचं पत्र मागवलं.

आणि काय पत्र धाडलंत हो तुम्ही! लेटरहेड, शिक्का, रक्कम, सगळं चोख. पण काकांना राहवतंय थोडंच! खाली झोकदार इंग्रजीत एक ओळ ठोकलीच: आमच्या लेकीला आम्ही काहीही कमी पडू देणार नाही, तिची संपूर्ण जबाबदारी आमची. पत्र थेट ऑफिसला गेलं होतं. मला कॉपी आली तेव्हा ती ओळ मी तीनदा वाचली. संपूर्ण जबाबदारी तुमची, तर युनिव्हर्सिटी कशाला देईल? आणि तिने हात आखडला की माझं शिक्षण संपलं, परतीचं तिकीट.

ऑफिसातल्या बाई माराइके. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, मला अजून जड जातं. त्यांनी मला बोलावून ती ओळ दाखवली. "हे लोक तुझा सगळा खर्च करणार?"

मी सुरूच झाले. म्हटलं, आमच्याकडे पाहुण्याला 'घर तुमचंच आहे' म्हणतात, पण म्हणून कोणी घर नावावर करून देत नाही. हे देणारे ऑटो चालवतात, शिवणकाम करतात, माझी आई अंगणवाडीत आहे. इथलं भाडं त्यांना झेपणार नाही. पण त्यांनी खोटंही लिहिलेलं नाही. उद्या मी अडले तर ते खरंच पुन्हा गोळा करतील, स्वतःचं पोट मारून. मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

"या पैशांचं काय केलंस?"

मी खिडकीतून निळी सायकल दाखवली. त्या उठून बघायला आल्या. मग पुन्हा पत्र हातात घेऊन म्हणाल्या, "घरच्यांनी दिलेलं आम्ही धरत नाही. फक्त संस्थेने दिलेलं धरतो."

आता आली का पंचाईत! म्हटलं, "समिती म्हणजे संस्थाच आहे. शिक्का आहे ना." 

"शिक्का दिसला," त्या म्हणाल्या. "पण संस्था कुणाला 'आमची लेक' म्हणत नाही." आणि त्यांनी नोंद केली: कुटुंबाकडून.

मी बाहेर येऊन तिथूनच काकांना फोन केला. "काका, शिष्यवृत्ती रद्द! घरचे पैसे म्हणून लावले!" मला वाटलं, हिरमुसतील. काका म्हणाले, "मंग? बरोबरच लावले."

माझ्यासारखे घर सोडून इथे आलेले भेटले की विचारतात, घरी कोण कोण असतं? आधी मी म्हणायचे, आई आणि मी. आता सांगायला बसले की चहा गार होतो.