खंडेनवमीची बाटली

मॅनेजरसाहेबांच्या हातात बाटली होती आणि ते तिचं बूच फिरवत होते. बूच निघत नव्हतं. ते निघालं नाही म्हणून हे सांगायला मी आहे.

खंडेनवमीची सकाळ होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा असते. मशीन धुवायचं, पुसायचं, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. पूजेत मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. रसायनीतल्या कारखान्यांत हे सगळीकडे चालायचं, तसं आमच्या लॅबमध्येही चालायचं. आमच्याकडे मोठी मशिनं नव्हती. म्हणून पुढच्या खोलीत टेबलावर तराजू, लोहचुंबक, नट आवळायचे पाने, गॅस सिलिंडरची चावी असं मांडायचो. त्या वर्षी आमचे नवे शिपाई बाबूराव यांनी मधोमध वर्तकबाईंची बाटली ठेवली होती. बाजूला समई.

मी त्या लॅबमध्ये अटेंडंट होते. काचेची भांडी धुवायची, वाळवायची, बाई मागतील ते हातात द्यायचं. आमची भातजमीन कारखान्यात गेली, बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. नवऱ्याला दमा, म्हणून नोकरीवर मी गेले. शिक्षण चौथी. त्या कामाला ते पुरलं.

वर्तकबाई फिजिक्सच्या डॉक्टर. सुई टोचणाऱ्या नव्हेत. कर्जतला खोली घेऊन राहायच्या आणि एसटीने कामाला यायच्या. त्या लोखंडाची पावडर बनवायच्या. ते कॅसेटचे दिवस होते. कॅसेटमधली पट्टी तपकिरी दिसायची, कारण तिच्यावर लोखंडाच्या गंजाची बारीक पावडर चढवलेली असायची. गाणं त्या पावडरीत राहतं. बाईंना गंजाऐवजी शुद्ध लोखंड वापरायचं होतं. त्यात आवाज जास्त चांगला राहतो, असं त्या म्हणायच्या. पण पावडर इतकी बारीक हवी की पिठाचा कण तिच्यापुढे डोंगर. आमच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली तिचा एक दाणा दिसायचा नाही. फोटो काढायला मुंबईला पाठवावी लागायची. आता असल्या मालाला नॅनो म्हणतात. तेव्हा बाई नुसतं अतिबारीक म्हणायच्या.

इतक्या बारीक लोखंडाला एक खोड असते. नुसती हवा लागली की ते पेटतं. लाकडाचा ओंडका लवकर पेटत नाही, भुसा लगेच पेटतो. हे भुशाच्याही पुढचं. याला काडीसुद्धा लागत नाही. म्हणून बाई ती पावडर टोल्युईनमध्ये बुडवून ठेवायच्या. टोल्युईन म्हणजे थिनरसारखं पातळ तेल. ते स्वतः पेट्रोलसारखं पेटतं, पण पावडरीला हवा लागू देत नाही.

त्याच उन्हाळ्यात चिमूटभर पावडर कागदावर वाळली आणि कागद जळाला. टेबलाला काळा डाग पडला. मॅनेजरसाहेब आले, डाग बघितला आणि म्हणाले, "बाई, पुन्हा इथे आग दिसली तर हा विभाग बंद. झालं ते बाहेर कोणाला सांगायचं नाही. आणि पारेखांसमोर आग हा शब्दच काढायचा नाही."

पारेख म्हणजे मुंबईचे कॅसेटच्या पट्टीवाले. त्यांना पावडर पटली तर बाईंचं काम पुढे चालणार होतं. नाही पटली तर बाईंनी दुसरी नोकरी शोधायची होती. त्यांना द्यायचा माल तेवढ्या एका बाटलीत होता. भट्टीतून चांगली निघालेली तेवढीच.

पारेखांनी यायला नेमकी खंडेनवमी धरली. दिवस चांगला म्हणून. आणि बाईंचा पत्ता नव्हता. कर्जत डेपोत गाड्या धुऊन माळा घालणं चाललं होतं, त्यामुळे त्यांची एसटी सुटतच नव्हती, हे आम्हाला मागाहून कळलं. पारेख सारखे घड्याळ बघत होते.

"तुमच्या डॉक्टरबाई येणार आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"येतील. तोवर मी दाखवतो," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि त्यांनी पूजेतून बाटली उचलली. बाबूरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण साहेबांना कोण बोलणार.

बाई पाहुण्यांना एक खेळ दाखवायच्या. बाटलीतला थेंब काचेवर टाकायचा आणि खालून लोहचुंबक धरायचं. थेंबाला काटे फुटायचे, साळिंदरासारखे. साहेबांना तेच करायचं होतं. बाटलीला बाबूरावांनी हळदकुंकवाची बोटं ओढली होती, गळ्यात झेंडूची माळ बांधली होती. आत काय आहे, काय नाही, ते बाहेरून धड दिसत नव्हतं.

तेवढ्यात बाई दारात आल्या. साडीला रस्त्याची धूळ, खांद्याला पिशवी. त्यांनी बाटलीकडे बघितलं आणि तिथेच थांबल्या.

"साहेब, मी दाखवते. द्या इकडे."

"राहू द्या. तुमची एसटी आली हेच खूप झालं," साहेब हसून म्हणाले आणि बूच सैल व्हावं म्हणून बाटलीचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटायला निघाले.

बाईंनी एकदा पारेखांकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग त्या म्हणाल्या, "साहेब, उघडू नका. आग लागेल."

साहेबांचा चेहरा आधी रागाने लाल झाला.

"तेलात आहे ना ती?"

"तेल नाहीये तिच्यात. तुम्ही फिरवताय तरी आत हिंदकळत नाही. तिरकी करून बघा. हळू."

साहेबांनी माळ बाजूला सारून बाटली तिरकी केली. आत काही हललं नाही. काळा चिखल तळाला चिकटून बसला होता. बाटलीच्या नरड्याला, बुचाच्या खाली, त्या चिखलाचा एक ओघळ वाळला होता आणि त्याच्यात बारीक लाल ठिपके दिसत होते. उदबत्तीचं टोक असतं तसे. एक विझायचा, शेजारी दुसरा लागायचा.

"बाई, आता धरू की ठेवू?" साहेबांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"धरून राहा. मी घेते."

बाईंनी दोन्ही हातांनी बाटली घेतली. "दिवा बाहेर न्या. सगळे बाहेर व्हा."

बाबूराव पुढे आले. "आजचा दिवा विझवायचा नसतो, बाई."

"विझवू नका. उचलून व्हरांड्यात न्या."

बाबूरावांनी समई उचलली आणि तळहाताचा आडोसा करून बाहेर नेली.

साहेब आता दाराबाहेर होते. तिथून म्हणाले, "मागच्या खड्ड्यात टाका ती. जळू दे."

"साहेब, दुसरी नाहीये माझ्याकडे. पेटीत घालून बघते."

"फुटली म्हणजे?"

"फुटली तर पेटीत फुटेल."

पेटी मागच्या खोलीत होती. जाड काचेची बंद पेटी, समोर दोन भोकं, त्यांत आतल्या बाजूला लांब रबरी हातमोजे बसवलेले. बाहेरून त्यांत हात घालायचे आणि आतलं काम करायचं. पेटीत नायट्रोजन भरायचा. तो आपल्या हवेतच असतो, पण नुसत्या नायट्रोजनमध्ये आग जगत नाही. एका बाजूने तो सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा निघून जाते. बाईंनी बाटली आत ठेवली, शेजारी टोल्युईनचं भांडं ठेवलं, पेटीचं दार बंद केलं आणि सिलिंडरकडे बघितलं. सिलिंडरला माळ होती. वरची चावी जागेवर नव्हती.

चावी पूजेत होती. तराजू आणि पान्याच्या मध्ये, वर तांदूळ आणि कुंकू.

मी पुढच्या खोलीत गेले. बाबूराव समई ठेवून दारात उभे होते.

"हिराबाय, तिला हात लावू नकोस. उद्यापतुर न्हाय लावायचा."

"मग बाईंनी काय, उद्यापतुर थांबायचं?"

"आजवर आपल्यातल्या कुनी पूजेतली उचलली नाय गं."

"आजवर बाटली बी पेटली नाय."

मी चावी उचलली. बोटांना कुंकू लागलं, ते लुगड्याला पुसलं.

मी मागच्या खोलीत आले तशा बाई म्हणाल्या, "चावी लावून द्या आणि तुम्ही बाहेर जा."

"तुमचे दोनी हात पेटीत असनार. गॅस कमीजास्त कोन करनार?"

मग त्यांनी हात घातले आणि मी चावी फिरवली.

गॅस सूं करत आत जायला लागला. बाई बुचाला हात लावत नव्हत्या. त्या नुसत्या ठिपक्यांकडे बघत होत्या, म्हणून मीही बघत होते. पेटीत हवा असेतोवर ते जळणार होते. बुचातून आत हवा गेली आणि टोल्युईनच्या वाफेने पेट घेतला तर बाटली फुटणार, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "थोडा वाढवा." मी वाढवला. सूं मोठा झाला. दारातल्या काचेला पारेखांचं नाक टेकलेलं दिसत होतं. साहेब त्यांना म्हणत होते, "चला, आपण ऑफिसात चहा घेऊ." पारेख हलत नव्हते.

मग ठिपके मंद व्हायला लागले. आधी वरचे गेले. एक ठिपका बराच वेळ राहिला. तो गेला असं वाटायचं आणि पुन्हा लाल दिसायचा. शेवटी तोही काळा पडला.

"आता," बाई म्हणाल्या.

बूच वाळलेल्या पावडरीने धरलं होतं. जोर लावला तर काच तडकायची. रबरी मोज्यात बोटं नीट वळत नाहीत. बाई बूच एकदा इकडे फिरवायच्या, एकदा तिकडे. घाम नाकावरून चष्म्यावर ओघळत होता आणि हात बाहेर काढायची सोय नव्हती. मी पदराने पुसायला गेले.

"पदर नको. टोल्युईन लागलं असेल त्याला. डोळे जातील माझे."

मी बाहीने पुसलं. बूच करकरलं आणि निघालं.

काहीच झालं नाही. असल्या कामात काही झालं नाही, की काम झालं. बाईंनी भांड्यातलं टोल्युईन बाटलीत ओतलं, काळा चिखल बुडाला, नरडं आतून धुतलं, बूच लावलं. मग म्हणाल्या, "बंद करा." मी चावी फिरवून गॅस बंद केला.

बाहेर साहेब वाट बघत होते. "तेल कोणी काढलं?"

"म्या," बाबूराव म्हणाले. "बाटलीवर कवटीचं चित्र हाय. वास थिनरचा. समईशेजारी पेटनारं तेल कसं ठिवायचं, साहेब? डब्यात काढून भायेर सावलीला ठिवलंय. एक थेंब सांडला नाय."

"याला उद्यापासून घरी बसवा."

बाई म्हणाल्या, "ते आपल्याकडे पावसाळ्यानंतर आले. पावडर पेटते हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सांगायचं नाही असं ठरलं होतं."

ते कोणी ठरवलं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

पारेखांनी बाटली उजेडात धरून बघितली. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. काम गेलं असंच त्यांनी धरलं होतं, तोंडावर दिसत होतं.

"बाई, मला दोन जणांनी अतिबारीक म्हणून पावडर दाखवली," पारेख म्हणाले. "दोघांची उघड्या बशीत होती. एकाचीही पेटली नाही."

"मग ती अतिबारीक नव्हती."

"ते आज कळलं. पण पेटणारा माल मी माझ्या गोदामात ठेवणार नाही. पेटणार नाही अशी करा, मग घेतो. तोवरचा थोडा खर्च मी देईन."

खर्च दुसरा देणार म्हटल्यावर साहेबांनी विभाग बंद केला नाही.

पुढची काही वर्षं बाई तेवढंच करत होत्या. प्रत्येक दाण्यावर गंजाची पातळ साल चढवायची. हवा एकदम दिली तर पेटतं, अगदी थेंबाथेंबाने दिली तर साल धरते आणि मग पेटत नाही. शेवटी जमलं. तोवर पारेख बाहेरच्या देशातून माल आणायला लागले होते. त्यांनी थोडा आमचाही घेतला. बाकीच्याचे बाईंनी इंग्रजीत लेख लिहिले आणि त्यावर त्यांना दुसरीकडे मोठी नोकरी मिळाली.

बाबूरावांची नोकरी राहिली. ते माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. पुढच्या वर्षी माझी म्हैस मेली तेव्हा मोहोपाड्याच्या बाजारात भेटले आणि म्हणाले, "चावी उचलली हुतीस." म्हैस म्हातारी होती.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर बाईंनी बाटल्यांवर मराठी चिठ्ठ्या लावायचं ठरवलं. अक्षर माझं बरं, म्हणून लिहायला मला बसवलं. त्यांनी सांगितलं, "लिहा. धोका. काळजी घ्या."

मी म्हटलं, "बाई, काळजी बाबूरावांनी घेतलीच होती."

त्यांनी माझ्यापुढे नवी चिठ्ठी सरकवली. मग म्हणाल्या, "बरं. लिहा. तेल काढू नये. तेल काढलं तर पावडर पेटते."

तसं लिहिलं.