लॅमिनेशन केलेला आशिया

आमच्या दारव्हा गावात एखादी गोष्ट मोलाची वाटली की माणसं ती आधी लॅमिनेट करून आणतात. दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, वारलेल्या सासऱ्यांचा फोटो, बाळाच्या पावलांचे ठसे, सगळं प्लास्टिकमध्ये. पूर्वी मला याचं काही वाटत नसे. आता लॅमिनेशनच्या दुकानावरून जाताना गरम प्लास्टिकचा वास आला की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाते.

आमच्या घरी आशिया खंडाचा एक जुना नकाशा होता. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून, त्यात शाई भरून, ओल्या कागदावर दाबून छापलेला, आणि मग कुणीतरी हाताने रंगवलेला. माझे आजोबा इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. गोरा साहेब बंगला सोडून गेला तेव्हा मागे उरलेल्या सामानातून त्यांनी तो उचलला, कागद जाड होता म्हणून. त्यातला हिंदुस्थान वाळक्या मिरचीसारखा अरुंद होता आणि हिमालय म्हणजे ओळीने मांडलेली वारुळं. खालच्या कोपऱ्यात वेलबुट्टीची ऐटबाज चौकट, आणि तीत उंटाला टेकून बसलेली एक बाई. हातात धुपाटणं, कमरेच्या वर अंगावर काही नाही. लहानपणी मी तिला उंटवाली मावशी म्हणायची. ती घरातलीच होती, तिच्याकडे वाकड्या नजरेने कधी कुणी पाहिलं नाही.

बाबा भूगोलाचे मास्तर. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि ते हा नकाशा बोटांनी वाचायला लागले. असल्या छपाईत शाईच्या रेघा कागदाच्या किंचित वर उठलेल्या असतात, आणि पत्रा दाबला गेल्यामुळे चारी बाजूंनी कागदात एक खोलगट कड उमटलेली असते. बाबा आधी त्या कडेवर बोट ठेवत, तिच्यावरून आत शिरत, समुद्र ओलांडत आणि किनारा लागला की म्हणत, "हे सुरत आलं, पाह्य." दुपारचा चहा झाला की रोज हेच चाले. डोळे गेल्यावर त्यांच्याजवळ एवढंच वाचन उरलं होतं.

नकाशा दोन पुठ्ठ्यांमध्ये त्यांच्या गादीखाली असे. आपल्याकडे माणूस गेलं की त्याची गादी गावाबाहेर नेऊन टाकतात. बाबांना तीच धास्ती. "मी गेलो का तुम्ही माही गादी फेकान, अन् त्याच्यासंगं हाही जाईन," ते म्हणाले. "त्याच्यापरीस वाचनालयात ठेव, माय."

वाचनालयाचे अध्यक्ष बाबांचेच विद्यार्थी. घरी येऊन खाटेवर बसले. गालात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याचा तोबरा, हातात खर्रा घोटायची प्लास्टिकची पन्नी. बाबांनी दोनच अटी घातल्या. नकाशा झाकणाच्या सपाट पेटीत ठेवायचा, त्याच्यावर काच नाही की काही नाही. आणि दर रविवारी बाबांना येऊन हात फिरवू द्यायचा. "शब्द देतो सर," अध्यक्ष म्हणाले, "जसा हाये तसाच राहीन." नकाशा घेऊन जाताना त्यांनी आमच्या कढीपत्त्याच्या बुडाशी पिचकारी मारली. मी बादलीभर पाणी ओतलं तरी तो लाल डाग आठवडाभर तिथेच होता.

अनावरणाच्या दिवशी वाचनालयापुढे मांडव होता आणि मांडवाएवढाच फ्लेक्स. त्यावर अध्यक्ष कमरेपासून वर, हात जोडलेले, आणि आशिया पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाबांची खुर्ची नीट लावावी म्हणून मी आधीच स्टेजवर गेले होते. सहज नकाशावरचं सॅटिनचं कापड उचलून पाहिलं.

नकाशा प्लास्टिकमध्ये होता. अरबस्तानावर हवेचे फुगे धरले होते. अरुंद हिंदुस्थानावर कुणीतरी लाल स्केचपेनने आजचा भारत काढला होता, तो अर्धा समुद्रातून गेला होता. वर झेंड्याचं स्टिकर. आणि मावशीला हिरव्या पोस्टर कलरचं ब्लाउज घातलं होतं. वर कपाळाला टिकलीसुद्धा.

अध्यक्ष मागेच उभे होते. मी म्हटलं, "हे काय केलं तुम्ही?"

"कायले टेन्शन घेता ताई? उद्या कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला, का वाचनालयानं चुकीचा भारत लावला, तं कोण निस्तरीन? म्हणून नीट करून घेतला."

"आणि ही बाई?"

"लेकरं येतेत इथं, बायामाणसं येतेत. उघडीबागडी बरी दिसते का?"

"कडा कुठे आहेत याच्या?"

"मशीनमधी बसूनच नाही राह्यला होता. कोऱ्याच तं होत्या, कापल्या. आता पाणी लागो का वाळवी लागो, काई होत नाही."

बोलताना त्यांच्या तोंडातून सुपारीचा एक कण उडून प्लास्टिकवर पडला. त्यांनी तो बोटाने पुसला आणि कौतुकाने हसले, बघा, डाग नाही. त्यांच्या मनात खोट असती तर मी भांडले असते. पण आपण नकाशावर उपकार केलेत असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त किळस आली.

तेवढ्यात बाबांना धरून स्टेजवर आणलं. पांढरा कडक शर्ट, आणि सकाळीच माझ्याकडून नखं कापून घेतलेली, कागदाला ओरखडा पडू नये म्हणून. कापड सरकलं, टाळ्या झाल्या. बाबांनी हात पुढे केला. बोट खाली गेलं, कड शोधू लागलं. डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा खाली आलं. सगळीकडे नुसतं गुळगुळीत. एका फुग्यावर बोट थांबलं, फुगा दबला आणि बाजूला सरकला. बाबांनी हात मागे घेऊन शर्टाला पुसला.

माईक त्यांच्यासमोर धरला गेला. बाबा म्हणाले, "तुम्ही सगळे आले, बरं वाटलं. नकाशा आणला म्हंजे मले बोलवा."

मांडवात कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी माईक घेतला, "सरांचं आता वय झालं आहे," म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत बाबांचे किती विद्यार्थी होते! मी बाबांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. अल्पोपाहाराला थांबलो नाही.

खरं काय ते घरी जाऊन सांगायचं असं मी ऑटोत ठरवलं होतं. पण त्या हिरव्या ब्लाउजचं कसं सांगायचं इथेच मी अडले, आणि अजून त्यांना काहीच सांगितलेलं नाही.

दर रविवारी बाबा चहा घेतात आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरतात. मी नेलकटर घेऊन बसते.

"आला का वं नकाशा?"

"नाही आला, बाबा."

ते मान हलवतात आणि दुसरा हात पुढे करतात.