तिकटीचा चौथा रस्ता

तिकटीला तीन रस्ते असतात. मग आमच्या फेरीतल्या तिकटीला चार कसे? या एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून हे लिहायला घेतले आहे. उत्तर मी दोनदा दिले. पहिले चुकले, आणि त्या चुकीपायी एका घराचे अंगण जायची वेळ आली.

मी शाळेत भूगोल शिकवीत असे. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी हौशी मंडळींना जुन्या पेठांतून पायी फिरवून आणण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले. भवानी मंडपापाशी जमायचे, महाद्वार रस्त्याने निघून आतल्या गल्ल्यांत शिरायचे आणि शेवटी गंगावेशीत दुधाचा पेला पिऊन पांगायचे, असा क्रम. वाटेत मी शब्द उलगडून सांगे. वेस म्हणजे गावात शिरण्याचे दार. दार आज नाही, पण रिक्षावाल्याला गंगावेस म्हटले की तो बरोबर जागी थांबतो. तिकटी म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. इथे मी मंडळींना थांबवून रस्ते मोजायला लावी. ते चार भरत.

याचा उलगडा मी असा करी : नाव जुने आहे, रस्ते चार आहेत, म्हणजे चौथा रस्ता नाव पडल्यानंतर फुटला असावा. काही महिन्यांत त्यातला ‘असावा’ गळाला आणि ‘फुटला’ एवढेच उरले. हा चौथा रस्ता म्हणजे दोन घरांमधली दगडी फरसबंदीची बोळ होती. सावली दाट, मागच्या गल्लीत थेट निघता येई आणि वळसा वाचे. मी प्रत्येक फेरी तिथूनच नेऊ लागले. पुढे फेरीचा नकाशा हाताने काढला, त्याची पत्रके छापून घेतली आणि बोळ ठळक रेघेने दाखवली. तिकटीवरच्या चहावाल्याने एक पत्रक कौतुकाने भिंतीला चिकटवले. मला बरे वाटले.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही बोळीच्या तोंडाशी आलो, तर वाट अडलेली. फरशीवर चपलांचे भिजवलेले कातडी तळ ओळीने वाळत घातले होते आणि ऐन मध्यावर पाट टाकून एक साठीच्या बाई चपलेच्या पट्ट्याची वेणी विणीत बसल्या होत्या.

“हितनं वाट न्हाय, पावणं,” मान वर न करता त्या म्हणाल्या.

“अहो, आम्ही दर रविवारी इथूनच जातो,” मी म्हटले. “हा रस्ता नकाशात आहे.”

“नकाशात कुणी घातला?”

“मी.”

“मग तुमीच काढा की!”

माझ्यामागे कोणीतरी खुदकन हसले. बाईंनी आता वर पाहिले. “रस्ता न्हवं ओ ह्यो. आमचं अंगण हाय. मागल्या बाजूला दार हुतं. त्या मोठ्या पुरात कुजलं, काढून ठेवलं, परत बसवायचं ऱ्हायलं. उगडं दिसलं की तुमी घुसलासा. तुमच्या मागनं मोटारसायकली घुसल्या. कालच एकानं चार तळांवरनं चाक नेलं.”

“मला आधी सांगायचे होते.”

“आलतो की सांगायला! दोन येळा आलतो. तुमी माइकात बोलत हुतासा. चाळीस माणसांम्होरं बाईंना काय टोकायचं म्हणून मागं फिरलो.”

आमच्याकडे बायकाही ‘मी आलतो’ म्हणतात. वर्गात मी हे रूप वर्षानुवर्षे दुरुस्त केले आणि घरी स्वतः तसेच बोलत आले. त्या दिवशी मात्र दुरुस्त करण्याजोगे त्यांच्या बोलण्यात काहीच नव्हते.

खरी अडचण पुढेच होती. गल्लीतली चार माणसे बोळीत पेव्हर ब्लॉक घालून मिळावेत म्हणून अर्ज करणार होती. “कागुद काय जोडत्यात ठावं हाय?” बाईंनी विचारले. “तुमचा नकाशा. भूगोलाच्या बाईंनी काढलाय म्हणत्यात, चुकंल कसा? एकदा ब्लॉक पडलं की अंगण गेलं. मग तळ कुठं वाळवू? तुमच्या डोक्यावर?”

मी मंडळींना तिथेच थांबवले आणि बाईंची परवानगी घेऊन एकटी मागच्या टोकाला गेले. इतक्या फेऱ्यांत मी तिथे कधी खाली पाहिले नव्हते. पायाशी झिजलेला दगडी उंबरा होता. त्याच्या कडेला दार फिरण्यासाठी कोरलेली वाटीएवढी खळगी होती. तिच्यासमोर तशीच दुसरी. आत भिंतीला टेकून ठेवलेली कुजकी फळीही बाईंनी दाखवली. रस्त्याला उंबरा नसतो, एवढे तिसरीतल्या मुलालाही सांगता आले असते. चुकली होती ती माझी मोजणी. नाव बरोबरच होते, आणि मी नावालाच खोटे पाडत आले होते.

परत येऊन मी सर्वांसमोर सांगितले, “रस्ते तीन आहेत. चौथा मी चुकून मोजला.” मग आम्ही वळसा घालून गेलो. सात मिनिटे जास्त लागली.

सोमवारी सकाळी चहावाल्याच्या भिंतीवरचे पत्रक मी नखाने खरवडून काढले. त्या चार माणसांना भेटून नकाशा चुकल्याचे सहीनिशी लिहून दिले. त्यांतले एक चांगलेच उखडले. “बाई, आमचा रस्ता खाल्लासा की!” मी म्हटले, “रस्ता नव्हताच, अंगण खाणार होतो आपण सगळे.” त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि चहा सांगितला. अर्ज अजून गेलेला नाही. जाणारच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. बाईंनी सुताराला बोलावून मागले दार बसवून घेतले आहे. दिवसा ते लोटलेले असते.

तेव्हा उत्तर असे : तिकटीला रस्ते तीनच आहेत. परंतु माझी जुनी पत्रके अजून अनेकांच्या घरी असतील, आणि अंगणाला रस्ता ठरवायला एक पत्रकही पुरे होते, हे मी पाहिले आहे. आपल्याजवळ प्रत असल्यास चौथी रेघ कृपया खोडावी. या दुरुस्तीनंतर मी काढलेल्या नव्या नकाशातल्या बाकीच्या वाटाही माझ्या शब्दावर खऱ्या धरू नयेत. प्रत्यक्ष जावे, खाली पाहावे, तिथे राहणाऱ्यांना विचारावे आणि स्वतः तपासून घ्यावे, ही विनंती.