पुण्याचा पाय

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिकेखेरीज मी आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा लोधिवलीच्या आमच्या फौजीकाकांवर लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे; चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण त्यांच्याइतका हट्टी माणूस चौक गावापासून भिवपुरीपर्यंत दुसरा नसेल, एवढं मी खात्रीने सांगतो.

काका म्हणजे वडिलांचे आतेभाऊ. सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला आणि डावा हात कोपरापासून. हाताच्या जागी त्यांनी काही बसवलं नाही. पाय मात्र पुण्याहून करून आणला. त्याला ते कुणाला शिवू देत नाहीत. बारावीच्या निकालानंतर मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी तो झटकन मागे घेतला. "उजव्याला पड रं. ह्यो पुण्याचा हाय, पण पुण्य नाय त्यात."

फौजेत जाण्याआधी ते गावच्या संघातून कबड्डी खेळायचे. खेळणं संपलं, तेव्हा त्यांनी पंच व्हायचं मनावर घेतलं. पंच ज्या संघाला गुण देतो त्या बाजूचा हात वर करतो, आणि काकांचा हात तर एकच. गावातल्या सरावाच्या सामन्यात डावीकडच्या संघाला गुण देताना त्यांनी लष्करी थाटात 'पीछे मुड' केलं आणि पाठमोरे होऊन त्या बाजूला आलेला उजवा हात उंचावला. सगळं मैदान खदाखदा हसलं. "आवो, हात आडवा केला तर काय बिघडंल?" काकूने घरी विचारलं. "आडव्या हाताने दिलेला गुण चोरून दिल्यागत वाटतो," काका म्हणाले. मग रोज संध्याकाळी अंगणात फक्कीची रेघ मारून वळण्याचा सराव. पुण्याचा पाय मातीत अडकायचा, काका पडायचे. मी सावरायला धावलो की म्हणायचे, "रेघेला शिवू नको, बाद होशील."

पंच परीक्षेतही ते तसेच वळले. परीक्षक नुसते वहीत लिहीत राहिले. त्यानंतर कित्येक महिने निकाल नाही. हळूहळू अंगणातली रेघ पुसली गेली, शिट्टी खिळ्याला लटकली. हट्टी माणूस गप्प झाला की घर किती परकं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

गेल्या आठवड्यात फोन आला. काका पास झाले होते. परीक्षकांचा शेरा होता, 'गुण कोणाला दिला, हे शेवटच्या रांगेपर्यंत कळतं.'

मी सवयीने उजव्या पायाशी वाकलो. काकांनी डावा पुढे केला.

"आज ह्याला पड रं," ते हळूच म्हणाले. "बिचारा माझ्यापायी लय येळा पडलाय."