उत्तरेश्वर सरांनी गिळलेला अर्थ

वडवणीच्या अलीकडच्या एका गावात उत्तरेश्वर सर इंग्रजी शिकवत. शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, हे सांगायचा त्यांना भारी नाद. बाकी माणूस जपून राहणारा. शाळा सुंदररावांच्या संस्थेची, दूध सोसायटीही त्यांचीच. दोन हजार तेराच्या दुष्काळात गावाबाहेर जनावरांची छावणी पडली, तीही सोसायटीच्याच नावावर.

मेंढरं विकून एकच तांबडी गाय राखलेला म्हाळू त्या छावणीत राहत होता. गाभण गाय सातव्या महिन्यात गाभडली, वासरू मेलेलं पडलं. सर बघायला गेले तेव्हा म्हाळूनं छावणीतून मिळालेल्या पेंडीचं पोतं उघडून दाखवलं. आत हिरवी बुरशी. उद्या जिल्ह्याचे साहेब येणार होते.

"आमचं कोण ऐकतंय, सर? तुमी शिकलेले. तुमी सांगा."

सर म्हणाले, "सांगतो."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, चाऱ्याबद्दल कुणाची तक्रार आहे का. म्हाळूनं सरांकडे पाहिलं. सुंदररावांनीही पाहिलं आणि हसत म्हणाले, "आमचे सर हायेत की इथं. त्यांनाच इचारा."

माना वळेपर्यंत सर उसाच्या वाढ्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागं गेले होते. तिथून वाकून, कुंपणाच्या कडेनं, अंग चोरत ते रस्त्याला लागले. मागं म्हाळू एकटाच बोलला. गाय आधीचीच रोगट होती, असं सुंदररावांनी सांगितलं. साहेब गाडीत बसले.

पुढच्या दिवशी वर्गात कोल्ह्याचा धडा होता. वाचता वाचता सत्यभामा अडली. ती म्हाळूची लेक.

"सर, स्लिंक म्हंजे काय?"

तिच्या मनात काही नव्हतं. सरांनी सवयीनं सुरुवात केली. जुन्या इंग्रजीत हा शब्द सापाचा, जमिनीला पोट लावून सरपटण्याचा. मग तो माणसांना लागला. भ्यालेला, शरमलेला माणूस कुणाला न कळता निघून जातो, ते. सर थांबले. डिक्शनरीतला आणखी एक अर्थ त्यांना पाठ होता. गाय दिवस भरायच्या आत गाभ टाकते, त्यालाही इंग्रज हेच क्रियापद वापरत. सत्यभामा वहीवर पेन टेकवून वाट बघत होती.

"एवढंच," सर म्हणाले. "पुढं वाच."

पावसाळ्याआधीच म्हाळूनं गाय विकली आणि दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड घेऊन तो ऊस तोडायला, कोयत्यावर गेला. सत्यभामेचं नाव पटावरून कमी झालं. सर मुख्याध्यापक झाले. सत्काराला सुंदररावांनीच शाल घातली.

पुढं एकदा वडवणीच्या बाजारात म्हाळू भेटला. त्यानं वाकून रामराम घातला. सर काहीबाही बोलू लागले, त्या दिवशी काय झालं होतं ते. म्हाळूनं मध्येच थांबवलं.

"जाऊ द्या, सर. तुमी बोलनार न्हाई, हे मला आधीच ठावं व्हतं. इचारून बघितलं, एवढंच."

आणि तो मिरच्यांचा भाव करू लागला.