अशाच आणखी मुली

माझं ठरत आलेलं लग्न माझ्याच घरच्यांनी मोडलं, आणि तेही अगदी मन लावून.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. इंद्रलोक नावाच्या वसाहतीतल्या आमच्या वन-रूम-किचनमध्ये नवा कॉम्प्युटर आला होता. नेट टेलिफोनच्याच वायरवर. म्हणजे नेट चालू की फोन बंद! मामाने लग्न जमवणाऱ्या साइटवर माझं नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी ठाण्याची एक मुलगी दिसली. फोटो, शिक्षण, नोकरी. बस्स, एवढंच. मला आवडली. आईला आवडली. बाबांनासुद्धा आवडली (ज्यांना इस्त्रीवाल्याची घडीही कधी आवडलेली नाही!). त्यांनी लगेच तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "घरात बोलतो आणि संध्याकाळी कळवतो."

संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं ना? पण मामाला 'संपूर्ण माहिती' नावाचं बटण सापडलं. झालं! रास, नाडी, चष्मा, वजन, छंद, भाऊ काय करतो...

"छंद पोहणे?" आई दचकली. "अरे, आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं!"

"उंची बघा," बाबा म्हणाले. "टाचेची चप्पल घातली की आपला संजू खाली गेलाच."

"बाबा, मला चालतंय."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं?"

तेवढ्यात मामाला बाजूच्या कोपऱ्यात 'अशाच आणखी मुली' दिसल्या. एकीला शिवण येतं, पण रास जुळेना. दुसरीची रास जुळते, पण ती लसूण खात नाही. तिसरी सगळं खाते, पण गणित शिकवते (बाबांना गणिताची जुनी भीती). शेजारचे शाहकाका साखर मागायला आले, ते खुर्ची ओढून बसलेच. "अरे, आ छोकरी सरस छे! और नीचे जाओ, नीचे!"

दोन दिवस हा बाजार चालला. डोळे लाल झाल्यावर आई म्हणाली, "पहिलीच बरी होती गं बाई." मी इतका वेळ दुसरं काय सांगत होतो? नेट बंद करून बाबांनी ठाण्याला फोन लावला.

"अहो, होकार द्यायला दोन दिवस फोन करतोय!" तिकडचे कडाडले. "सारखा एंगेज! नाही म्हणायची ही काय रीत झाली? आम्ही दुसरीकडे शब्द दिलाय."

माझं टाळकंच सटकलं. मोडेम उपटून माळ्यावर फेकला. त्यामुळे फोन मोकळा झाला आणि आठवड्याभरात देवरुखहून एका गृहस्थांचा आला. "साइटवर तुमच्या मुलाचं स्थळ पाहिलं. आमची मुलगी शिक्षिका आहे."

"येतो रविवारी!" बाबा ओरडलेच. पुढचं एक अक्षर विचारलं नाही. रविवारी पोहे खाल्ले, सोमवारी होकार.

मध्यंतरी जरा लाडात येऊन बायकोला विचारलं, "काय गं, एवढ्या मुलांमधून तुम्ही मलाच कसं निवडलंत?"

"निवडलं कसलं! सायबर कॅफेत तुझा फोटो वरून खाली हळूहळू उघडत होता. केस दिसले, अर्धं कपाळ दिसलं आणि लाइट गेली. बाबा म्हणाले, केस दाट आहेत मुलाचे, होऊन जाऊ दे!"

मी गुपचूप डोक्यावरून हात फिरवला. ज्या एकुलत्या एका माहितीवर माझं लग्न ठरलं, तीसुद्धा आता उरलेली नाही!