सहावं बोट

चित्रकार बाईंच्या उजव्या हाताला जन्मतःच सहा बोटं. शाळेत पोरी "सहाबोटी, सहाबोटी" म्हणून पिडायच्या, तेव्हा एकच मैत्रीण ते जास्तीचं बोट मुठीत धरून त्यांच्यासोबत घरापर्यंत चालायची. पुढे तीच मैत्रीण लेखिका झाली आणि साठी उलटल्यावर दोघींनी मिळून लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. त्यात अस्वलाच्या पिल्लाला सहा बोटं असतात आणि ससा त्याला म्हणतो, "तू आहेस तसाच मला आवडतोस."

छपाईआधीची प्रत तपासायला बाई छापखान्यात गेल्या. पानापानावर त्यांची सही झाली, की मगच यंत्र सुरू व्हायचं. अस्वलाची बोटं त्यांनी प्रत्येक पानावर मोजली. सगळीकडे सहा. शेवटच्या पानावर दोघींचा फोटो होता. मैत्रिणीच्या खांद्यावर ठेवलेल्या बाईंच्या हाताला मात्र पाचच बोटं होती.

"लेखिकाबाईंनीच पुसायला सांगितलं," छापखान्याचे काका चाचरत म्हणाले.

बाईंनी तिथूनच फोन लावला.

"अगं, एवढंसं तर बोट! फोटोत बरं दिसत नव्हतं," मैत्रीण हसली.

"मग अस्वलाला कशाला दिलंस?"

"ते अस्वल आहे गं!"

बाईंनी फोन ठेवला. अस्वलाच्या सगळ्या पानांवर त्यांनी नेटक्या सह्या केल्या आणि शेवटचं पान काकांपुढे सरकवलं.

"हे काढून टाका, काका. यातली बाई मी नव्हे."